कागदाची वाट पाहणारी डॉक्टर

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

यंदा संक्रांतीच्या तोंडावर माझ्या नणंदबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याहून त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं आणि दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. त्यांची एकुलती एक लेक अमेरिकेत डॉक्टर आहे. ती आली नाही.

भेटायला येणाऱ्या बायका तिळगूळ द्यायच्या, वन्संच्या तब्येतीची चौकशी करायच्या आणि बाहेर पडता पडता कुजबुजायच्या, "लेक एवढी डॉक्टर, जगाला औषध देते, आणि आईच्या ऑपरेशनला नाही आली. डॉलर सुटत नाहीत." खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. एका रात्री भाचीचा फोन आला तेव्हा मी तिला तोंडावरच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामी, निघणं माझ्या हातात आहे गं. परत येणं माझ्या हातात नाही."

त्या रात्री तिनं मला जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. आपल्या गावांतल्या पोरी आता डॉक्टर होतात, नर्स होतात, परदेशी जातात. त्यांच्या आयांना आणि मावश्या-माम्यांना हे माहीत हवं.

फाटकाची किल्ली आणि घरातली जागा

आपण सगळ्याला मिळून 'व्हिसा' म्हणतो. खरं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, तुम्ही एका मोठ्या वाड्यात भाड्यानं राहता. वाड्याच्या मालकानं तुम्हाला तीन वर्षं राहायची आणि काम करायची परवानगी दिली आहे. ही झाली घरातली जागा. पण वाड्याला फाटक आहे आणि त्याची किल्ली वेगळी. किल्लीची मुदत संपली तरी आत राहायला कुणी मनाई करत नाही. मात्र एकदा का तुम्ही फाटकाबाहेर पडलात, की नवी किल्ली मिळाल्याशिवाय आत येता येत नाही. आणि ही नवी किल्ली साधारणपणे बाहेरच मिळते.

पासपोर्टवर लागणारा व्हिसाचा शिक्का म्हणजे ही किल्ली. आपल्या भागातल्या माणसाला त्यासाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जावं लागतं. आधी अर्ज, फी, बोटांचे ठसे, मग मुलाखत, आणि सगळं ठीक असेल तर शिक्का मारलेला पासपोर्ट परत. कधीकधी मुलाखतीनंतर सांगतात, 'अजून तपासणी व्हायची आहे, थांबा.' हे थांबणं काही दिवसांचं असतं, कधी काही महिन्यांचं. किती, ते आधी कुणी सांगत नाही.

माझी भाची अमेरिकेत पूर्ण कायदेशीर आहे. राहायची परवानगी आहे, कामाची आहे. पण तिच्या पासपोर्टवरचा शिक्का जुन्या प्रकारच्या व्हिसाचा आहे आणि तोही संपलेला. ती आईसाठी आली असती तर परतण्याआधी तिला नवा शिक्का घ्यावा लागला असता. त्यात १५ डिसेंबर २०२५ पासून अमेरिकेनं तिच्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खातीही तपासायला सुरुवात केली. त्यापायी भारतातल्या कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. सुट्टीला म्हणून घरी आलेली माणसं इकडेच अडकली. भाची हे सगळं रोज वाचत होती.

मार्च ते जुलै

आता डॉक्टर तिथपर्यंत पोहोचतो कसा, ते पाहू.

हा रस्ता आपल्या बायकांना नवा नाही. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या वाटेत आजच्यासारखी व्हिसाची खिडकी नव्हती. त्यांची अडवणूक केली ती आपल्याच लोकांच्या बोलण्यानं.

आजच्या डॉक्टरला इथं एमबीबीएस झाल्यावर अमेरिकेच्या परीक्षा द्याव्या लागतात. मग तिथल्या रुग्णालयात काही वर्षं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथं याला रेसिडेन्सी म्हणतात. कुणाला कुठलं रुग्णालय मिळालं याचा निकाल मार्चच्या मध्यावर लागतो आणि बहुतेक ठिकाणी काम १ जुलैला सुरू होतं. म्हणजे हातात साडेतीन महिने. तेवढ्यात रुग्णालयाचा करार, आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं पत्र, अमेरिकेतल्या संस्थेचा फॉर्म, मुलाखतीची तारीख आणि शेवटी शिक्का, एवढं सगळं व्हावं लागतं.

दुष्काळात विहिरीपासून रांगेनं उभं राहून आपण हातोहात हंडे देतो ना? मधली एक बाई थांबली की अख्खी रांग थांबते. तसंच हे आहे. एका टेबलावर कागद अडला की पुढची सगळी टेबलं रिकामी बसतात. १ जुलै मात्र कुणासाठी थांबत नाही.

२०२५ साली असंच झालं. मेच्या शेवटी अमेरिकेनं जगभरातल्या आपल्या वकिलातींना विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थींच्या नव्या मुलाखती देणं थांबवायला सांगितलं. या प्रशिक्षणार्थींत डॉक्टरही आले. जूनच्या मध्यानंतर मुलाखती पुन्हा सुरू झाल्या आणि डॉक्टरांना आधी घ्या असं सांगण्यात आलं. पण तोवर तीन आठवडे गेले होते आणि १ जुलै दोन आठवड्यांवर आली होती. ज्यांना आधीच तारीख मिळाली होती ते सुटले. ज्यांना नव्हती ते दिवसरात्र संगणकासमोर बसून तारीख उघडते का ते पाहत राहिले.

तिकडचीही गावंच

तुम्ही म्हणाल, अमेरिकेला बाहेरच्या डॉक्टरची एवढी गरज का? भाचीलाही मी हेच विचारलं.

अमेरिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी साधारण चौथा हिस्सा बाहेरच्या देशांत शिकलेला आहे. मोठ्या शहरांत डॉक्टर मिळतात. पण तिकडेही गावं आहेत, मैलोगणती मक्याची आणि गव्हाची शेतं आहेत. तिथं जायला त्यांचे स्वतःचे डॉक्टर फारसे तयार नसतात. खेड्यांतल्या कित्येक रुग्णालयांनी बाळंतपणाचे विभाग बंद केले आहेत. कळा सुरू झालेल्या बाईला गाडीत घालून लांबच्या शहरात न्यावं लागतं. ऐकून आपलंच कुणीतरी आठवलं ना?

प्रशिक्षणासाठी आलेल्या परदेशी डॉक्टरचा व्हिसा बहुतेक वेळा जे-वन प्रकारचा असतो. त्याची अट अशी, की प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परत जायचं. पण १९९४ पासून यात एक वाट काढली आहे. डॉक्टरची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं, आठवड्याला किमान ४० तास काम केलं, तर दोन वर्षं परत जाण्याची अट माफ होते. नॉर्थ डकोटा राज्याचे तेव्हाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावानं ही योजना ओळखली जाते. आधी प्रत्येक राज्याला वर्षाला २० डॉक्टरांची शिफारस करता यायची. २००२ पासून ३० ची करता येते. म्हणून तिचं नाव 'कॉनरॅड थर्टी'.

आपल्याकडे सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरला बॉण्डची सेवा द्यावी लागते, साधारण त्याच जातीची ही गोष्ट. माझी भाची अशाच एका गावात आहे. तिथं ती आणि दुसरे एक वयस्कर डॉक्टर, असे दोघंच. तिच्याकडे येणाऱ्या गरोदर बायका आहेत, साखरेचे आणि रक्तदाबाचे म्हातारे रुग्ण आहेत. ती मुंबईत अडकली असती तर तिच्या खुर्चीवर बसायला तिथं कुणी नव्हतं.

एका माफीला किती टेबलं

ही माफी मिळवायची वाट लांब आहे. आधी खेड्यातल्या रुग्णालयाशी करार करायचा. मग त्या राज्याच्या आरोग्य खात्याची शिफारस. पुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शिफारस. त्यानंतर स्थलांतर खात्याची मंजुरी. एवढं झालं की एच-वन-बी नावाच्या कामाच्या व्हिसासाठी रुग्णालयानं वेगळा अर्ज करायचा. माफी मिळाल्यापासून ९० दिवसांत कामावर हजर होण्याचं डॉक्टरनं लिहून दिलेलं असतं. आणि कामाची परवानगी हाती येण्याआधी एक दिवसही काम करता येत नाही. दारात रुग्ण उभा असला तरी नाही.

जास्त फी भरून अर्ज लवकर तपासून घेण्याची सोय असते. पण ३ एप्रिल २०१७ ला स्थलांतर खात्यानं एच-वन-बीसाठी ही सोयच तात्पुरती बंद केली. जुलैत खेड्यांत हजर व्हायचे डॉक्टर त्यात सापडले. शेवटी २६ जूनला या कॉनरॅड डॉक्टरांपुरती ती पुन्हा सुरू करावी लागली. एक सोय बंद झाली तर कुठल्या कोपऱ्यातला दवाखाना बंद पडेल, हे आदेश काढताना लक्षात आलं नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक धक्का बसला. नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. आपल्या पैशात ८० लाख रुपयांच्या वर. मोठ्या कंपनीला तो भार सोसेल, पण गावातल्या लहान रुग्णालयानं एका डॉक्टरसाठी एवढे पैसे आणायचे कुठून? त्या हुकमाविरुद्ध तिकडच्या न्यायालयांत दावेही गेले. नियम आज एक असतो, उद्या दुसरा. म्हणून डॉक्टर रोज सकाळी उठून आधी बातम्या बघतो.

काळजी कशाची असते

डॉक्टरला पगार चांगला असतो, मग एवढी काय काळजी, असं आपल्याला वाटतं. भाचीनं मला तिच्या काळज्या मोजून दाखवल्या.

पहिली, नोकरी एका रुग्णालयाला बांधलेली. तिथं पटलं नाही तरी सहज सोडता येत नाही, कारण राहायची परवानगीही त्याच नोकरीवर उभी.

दुसरी, नवऱ्याची. एच-वन-बीवर असलेल्या माणसाच्या नवऱ्याला किंवा बायकोला बहुतेक वेळा लगेच काम करता येत नाही. कायमच्या वास्तव्याच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच ती मुभा मिळू शकते. तिचा नवरा शिकलेला इंजिनिअर. सध्या घर सांभाळतो. त्याबद्दल तो काही बोलत नाही. "तो बोलत नाही, तेच मला जास्त लागतं," असं ती म्हणाली.

तिसरी, कायमच्या वास्तव्याच्या परवानगीची, म्हणजे ग्रीन कार्डची. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या लोकांना ठरावीक वाट्यापेक्षा, म्हणजे शंभरात सातांपेक्षा, जास्त मिळत नाहीत. देश लहान असो की भारताएवढा, वाटा तेवढाच. म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे.

आणि चौथी, आईची.

"मामी," ती म्हणाली, "रुग्ण घाबरलेला असला की मी त्याला सांगते, अमुक दिवसांत बरं वाटेल. बाळंतिणीला नऊ महिने माहीत असतात. शेतकऱ्याला मृग माहीत असतो. माझ्या वाट बघण्याला तारीखच नाही. एवढंच नको असतं."

मैत्रिणींनो, दुसऱ्या बाजूचंही एक सांगायला हवं. कोण येतो ते तपासायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. डॉक्टरची पदवी खरी आहे का, माणूस खरा आहे का, हे बघायलाच हवं. आपल्या आरोग्य केंद्रात कुणी खोट्या पदवीचा माणूस बसवला तर आपल्याला चालेल का? तक्रार तपासणीबद्दल नाही. किती दिवस लागतील ते न सांगता थांबवण्याबद्दल आहे. एका कागदाला उशीर झाला की त्याचा भार डॉक्टरवर पडतो, तिच्या आईवर पडतो आणि जिला आपण कधी पाहिलंही नाही अशा तिकडच्या एखाद्या गरोदर बाईवरही पडतो.

आपण काय करू शकतो

तिकडच्या टेबलावरचा कागद आपल्याला हलवता येत नाही. पण आपल्या बाजूनं अडू नये एवढं नक्की बघता येतं.

एक, नाव. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, लग्नानंतर पासपोर्टवर तिसरं, असं आपल्या पोरींचं होतं. वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, बदललेलं आडनाव, यांतून पुढे किती घोळ होतात! नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात छापून घ्या, विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव घातलेलं आहे ना, तेही आजच बघा.

दोन, तारखांची वही. पासपोर्ट कधी संपतो, परवानगी कधी संपते, शिक्का कधी संपतो, हे तीन रकाने. बचत गटाची वही आपण ठेवतोच, तशीच ही. संपायच्या कित्येक महिने आधी हालचाल सुरू करायची.

तीन, दलाल. 'हमखास व्हिसा' असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. हमखास असं काही नसतं. आणि घाई झाली म्हणून खोटा कागद कधीच जोडू नका. खोटेपणा सापडला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. उशीर झाला तर भरून निघतो, हे नाही.

चार, 'थांबा' म्हणजे 'नाही' असं समजू नका. तपासणीसाठी अर्ज थांबवला तर मागितलेली कागदपत्रं वेळेत द्यायची आणि रुग्णालयाच्या वकिलाला कळवायचं. शिक्क्याचा पासपोर्ट हातात येईपर्यंत परतीचं तिकीट पक्कं करायचं नाही. घरात मोठं आजारपण किंवा मृत्यू झाला असेल तर मुलाखतीची तारीख लवकर मागता येते, त्यासाठी दवाखान्याचे कागद जपून ठेवायचे. पण तारीख लवकर मिळाली म्हणून शिक्का लवकर मिळेलच असं नाही, हेही ध्यानात ठेवा.

पाच, आईवडिलांनी आपले पासपोर्ट धडधाकट असतानाच काढून ठेवावेत. लेकीला येता आलं नाही तर निदान आपल्याला जाता यावं.

आणि सहावी गोष्ट कागदाची नाही. पोरीला रोज फोनवर 'झालं का गं काम?' असं विचारू नका. झालं की ती आपणहून सांगेल. त्याऐवजी जेवलीस का, झोपलीस का, ते विचारा.

वन्संच्या ऑपरेशनला त्यांच्या गटातल्या अकरा जणींनी पाळ्या लावल्या. दोघी दिवसा, एक रात्री. कुणी भाकरी नेली, कुणी पेज. लेक तिकडून फोनच्या पडद्यावर डॉक्टरांशी बोलायची, औषधं तपासायची, आईला वॉकर धरून कसं उठायचं ते सांगायची. आता वन्सं अंगणात चालतात. लेक अजून आलेली नाही. तिची वाट बघणं चालूच आहे.

त्यानंतरच्या सभेत एकीनं पुन्हा तोच विषय काढला, "लेक काही आली नाही बाई." तेव्हा वन्संच म्हणाल्या, "ती तिकडे दुसऱ्याच्या आईपाशी होती."

पुढच्या वेळी जन्मदाखल्यावर नाव कसं घालून घ्यायचं, ते सविस्तर बोलू.

गटात बोलण्यासाठी

१. आपल्या गटातल्या किती जणींच्या मुलींची नावं शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि जन्मदाखल्यावर एकसारखी आहेत?
२. आपल्या आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा कधी रिकामी होती का? तेव्हा कुणाचे हाल झाले?
३. ज्यांची मुलं लांब आहेत अशा मैत्रिणींच्या आजारपणात गट म्हणून आपण कशी पाळी लावू शकतो?